नऊ वर्षांपूर्वीच्या लेखाची दुरुस्ती

केन, तुझ्या फ्युनरलची सँडविचेस भिकार होती. काकडीला पाणी सुटलेलं, ब्रेडच्या कडा वाळलेल्या, आणि प्रत्येकावर टीचभर कागदी झेंडा टोचलेला. मी तीन खाल्ली. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही, म्हणून खाल्ली. घरी आले आणि सगळं बेसिनमध्ये गेलं. लेक म्हणाली, "आई, अंड्याचं सँडविच बाधलं असेल." मी हो म्हटलं. अंड्याचं नव्हतं बाधलं. त्याआधी माइकवर मी जे बोलले होते, ते बाधलं होतं.

तुला ‘तू’ म्हणते आहे. माझ्याहून जवळजवळ पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, मराठीत खरं तर ‘अहो केनकाका’ म्हणायला हवं. आपण इंग्रजीत बोलायचो, तेव्हा हा प्रश्नच आला नाही. आज ‘तुम्ही’ लिहून पाहिलं, तर सोसायटीचे चेअरमन वारल्यासारखं वाटायला लागलं. खोडलं. तू जाऊन आठच दिवस झालेत, इतक्यात तुझ्याशी शिष्टपणा जमायचा नाही.

आपलं पहिलं बोलणं तुला आठवायचं, मला विसरायचं असायचं. मी साठी ओलांडून नुकतीच लेकीकडे परदेशात, गुंगालिनला आले होते, नात ईराला सांभाळायला. सप्टेंबरात इथले मॅगपाय पक्षी माणसांच्या डोक्यावर झडप घालतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मी डोक्यावर पिठाची चाळण ठेवून, वरून ओढणी बांधून कपडे वाळत घालायची. त्या दिवशी पक्ष्याने माझ्या डोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाळत घातलेल्या सांडग्यांवर शिटून गेला. मी जीव खाऊन ओरडले, "शी!"

कुंपणापलीकडून आवाज आला, "यू राइट, लव्ह?"

तू तुझ्या मुलीच्या, शेरिलच्या बॅकयार्डमधल्या एका खोलीच्या घरात राहायचास. त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात आणि आत ग्रॅनी नव्हतीच, एक ऐंशीच्या पुढचा आजोबा होता, यावर मी आठवडाभर हसले. माझ्या चाळणीवर तू बारा वर्षं हसलास.

‘शी’ हा तू माझ्याकडून घेतलेला एकमेव मराठी शब्द. तो तुझ्याइतका चांगला मला कधी वापरता आला नाही. टीव्हीवर एखादा मंत्री सैनिकांच्या त्यागाबद्दल बोलायला लागला की तू चहाचा कप खाली ठेवून, अगदी पुणेरी ठसक्यात, "शी." शाळेतल्या बाई मुलांना घेऊन आल्या आणि एकाने उत्साहाने विचारलं, "तुम्ही किती माणसं मारलीत?" तू त्या पोराला काही बोलला नाहीस. बाई निघून गेल्यावर माझ्याकडे बघून तेच म्हणालास. मलाही वाटलं, काय हा प्रश्न! तेव्हा मी सोयीस्करपणे विसरले होते, की तोच प्रश्न मी तुला विचारून बसले होते, माइकवरून.

त्या बाईबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, जरा सांगते. पुण्यात तीस वर्षं इतिहास शिकवलेली बया ती. दुसरं महायुद्ध चार तासांत संपवायची. कारणे पाच, परिणाम सात. बॉम्बफेकीला तिच्याकडे एकच वाक्य होतं, ‘अनेक शहरे बेचिराख झाली’. त्याखाली मुलांकडून लाल रेघ मारून घ्यायची, कारण ते परीक्षेत यायचं. पट्टी लावून मारा, वाकडी नको. बेचिराख शहरांखाली सरळ रेघ! आता आठवलं की माझाच हात माझ्यापासून लांब धरावासा वाटतो.

शेरिलने एकदा दोरीवरचे कपडे काढता काढता सहज सांगितलं, डॅड युद्धात बॉम्बर विमानावर गनर होता, शेपटाकडच्या काचेच्या डब्यात बसायचा. झालं. सदुसष्ट वर्षांची बया पेटून उठली. कुंपणाला लागून वीर राहतो आणि आपल्या मराठी मंडळाला पत्ता नाही? गणपतीच्या कार्यक्रमात सत्कार करायचाच!

आणि केला. शाळेच्या त्या हॉलमध्ये तुला स्टेजवर बसवलं. नव्वदीच्या माणसाच्या डोक्याला फेटा आवळला. शाल घातली, हातात नारळ दिला. मग पाच जणी आरतीची तबकं घेऊन ओवाळायला आल्या. निरांजनं तुझ्या तोंडासमोरून फिरायला लागली तसे तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, भारावून गेलास. फोटोत नीट बघितलं तर कळतं. नारळ असा धरला होतास, जसं कुणी विमानात धरायला मिळेल ते धरेल.

मग बयेने माइक घेतला. "केन सर, टेल अस, हाऊ मेनी प्लेन्स डिड यू शूट डाउन?"

"एकही नाही, लव्ह," तू म्हणालास. "मला बहुतेक वेळ थंडी वाजत होती."

हॉल खूश. काय विनय, काय विनय! टाळ्या. मागे ढोलवाल्या मुलांनी ढोल कसायला घेतले होते. त्या आवाजात तू माइक बाजूला करून अजून काहीतरी म्हणालास. ते फक्त मला ऐकू आलं, मी दोन हातांवर होते. तू म्हणालास, "पुढे बसणाऱ्यांना शहर पेटलेलं दोन मिनिटं दिसायचं. मी मागे तोंड करून बसायचो. मला अर्धा तास दिसायचं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

हे ऐकू आलं नाही असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. ऐकू आलं होतं.

यावर कळस म्हणजे त्या वर्षी याच अंकात, मंडळाच्या दिवाळी अंकात, मी तुझ्यावर लेख लिहिला. शीर्षक सांगत नाही, ज्यांच्या घरी जुना अंक असेल त्यांनी रद्दीत घालावा. त्यात तू ‘नरवीर’ होतास, तुझे डोळे ‘गरुडाचे’ होते आणि तू शत्रूची अकरा विमानं पाडली होतीस. अकरा कुठून आली? दहा लिहिलं तर फार गोल वाटतं, बारा लिहिलं तर डझन होतं, लोकांना संशय येतो. असा सगळा विचार करून अकरा. इतिहासाची शिक्षिका!

तू अंक हातात घेतलास, फेट्यातला फोटो बघितलास आणि म्हणालास, "वाच. काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

मी तुझ्या फ्लॅटमध्ये बसले होते. सत्काराचा नारळ तू दाराला अडसर म्हणून लावला होतास. तुला मराठी येत नव्हतं, म्हणून मी अंक समोर धरून वेगळाच, साधासुधा लेख इंग्रजीत वाचून दाखवायला लागले. शेजारी प्रेमळ माणूस राहतो, बागेत टोमॅटो लावतो, वगैरे. पण शेजारी ईरा बसली होती. नऊ वर्षांची, दोन्ही भाषा येणारी, आणि माझ्या दुर्दैवाने मीच वाचायला शिकवलेली.

"आजी, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज," ती म्हणाली. "इट सेज ही शॉट डाउन इलेव्हन प्लेन्स."

"इलेव्हन?" तू म्हणालास. "हा कोण आहे बुवा? भलताच हरामखोर दिसतोय."

ईरा हसली, तू हसलास. मला हसता येईना. ईराला बिस्किटं आणायला घरी पिटाळलं आणि मी रडायला लागले. लाजेने, आणि पकडले गेले म्हणून, अर्धं अर्धं. तू रुमाल दिला नाहीस, पाणी दिलं नाहीस. मी थांबेपर्यंत वाट बघितलीस आणि म्हणालास, "तू माझ्याबद्दल एक थाप मारलीस. मीही मारलेली आहे. तुझ्याहून मोठी."

मग सांगितलंस. सात जणांचं विमान. तीस फेऱ्या झाल्या की सुटका, तुझ्या एकोणीस झाल्या होत्या. विसाव्या फेरीच्या दिवशी दुपारी यादीत नावं लागली आणि तुला तुझ्या त्या डब्याची इतकी शिसारी आली, की बुटात पाय जाईना. भीती नव्हे, म्हणालास, भीती तर रोजचीच होती. तेलाचा वास, लघवीचा वास, गोठलेली काच, आणि मागे मागे पडणाऱ्या जगातली ती आग. तू डॉक्टरकडे गेलास आणि कान दुखतो म्हणालास. कान बिघडलेला असला की उडू देत नसत. डॉक्टर थकलेला होता, बॅटरी मारून बघितलं न बघितलं आणि चिठ्ठी दिली.

तुझ्या जागी जादा गनर आला. डग फेअरली. वीस वर्षांचा, गाईंच्या फार्मवर वाढलेला. त्याचं स्वतःचं विमान दुरुस्तीला होतं. त्याचे आतले हातमोजे ओले होते, म्हणून तू तुझे दिलेस. तुमची ओळख चार मिनिटांची. हातमोजे घालता घालता तो म्हणाला, "थँक्स, मेट. कान सांभाळ."

ते विमान परत आलं नाही. सातही जण.

"कान सांभाळ," तू पुन्हा म्हणालास. मग उठून केटल लावलीस.

तेव्हा कुठे मला एक गोष्ट कळली. पहिल्याच हिवाळ्यात, गुंगालिनच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, मी तुला राखाडी लोकरीचे हातमोजे विणून दिले होते. तू कधी घातले नाहीस. उणे चार असताना उघड्या हातांनी कचऱ्याचं बिन बाहेर काढायचास. मी फुगून बसले होते. आमच्या विणीत काय खोट काढली गोऱ्याने, म्हणून लेकीपाशी कुरकुर केली. चार महिने मनात धरलं, केन. लोकरीवरून!

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलास तेव्हाही चालू होतं. दर गुरुवारी रमी, आणि रमीच्या तिसऱ्या डावाला तेच. तुला ते सगळ्यांना सांगून टाकायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मी म्हणायची, कशाला सांगायचं? एकोणीस वर्षांचं पोर होतास तू.

"तो वीस वर्षांचा होता," तू पत्ता टाकत म्हणायचास.

मी म्हणायची, त्यानंतर तू अकरा फेऱ्या मारल्यासच ना? दर वेळी दुसऱ्याच्या जागेवर, दुसऱ्याच्या विमानात! मुद्दाम मागून घेतल्यास.

"मग? तो आला का परत?"

मी म्हणायची, डॉक्टरला कळायला नको होतं? मी म्हणायची, युद्ध करणाऱ्यांना विचार. मी म्हणायची, तू गेला असतास तर तू मेला असतास, शेरिल झाली नसती. कारणे पाच, परिणाम सात! तू ऐकून घ्यायचास आणि शेवटी, "सुमन, तू मला पास करू नकोस. मी पेपर दिलेलाच नाही."

मी पत्ते पिसायला घ्यायची. जोकर लपवून ठेवायचास ते मात्र दिसायचं.

एक गोष्ट मी तुला बोलले नाही. लाइट रेलने आपण सिटीत जायचो, तेव्हा तू नेहमी मागे तोंड असलेली सीट धरायचास. मला त्या सीटवर मळमळतं. मी समोर बसायची आणि तू माझ्या डोक्यावरून मागे मागे जाणारं गाव बघत असायचास. सवय, म्हणायचास. मी एकदाही तुझ्या शेजारी बसले नाही. लिंबाची गोळी चघळत बसता आलं असतं. सहा स्टेशनांपुरतं तरी.

या हिवाळ्यात तू अंथरूण धरलंस आणि शेरिलकडून कागद मागून घेतलास. तिला वाटलं, मृत्युपत्र. तू चार ओळी लिहिल्यास, घडी घातलीस आणि गुरुवारी माझ्या हातात दिलीस. "फ्युनरलला हे वाच. तुझं इंग्लिश वाईट आहे, पण आवाज मोठा आहे."

"मी? माझ्यासारख्या थापाडीला सांगतोस?"

"म्हणूनच," तू म्हणालास. "तू दुरुस्त करशील. तुला लाज वाटते."

मी वचन दिलं. हातावर हात ठेवून दिलं. तुझा हात बर्फासारखा होता.

आणि फ्युनरलच्या दिवशी मी काय केलं असेल? आधी परवानगी मागायला गेले. तीस वर्षं सहलीच्या नोटिशीवरसुद्धा हेडमास्तरांची सही घेतलेली बाई ती! तुझा कागद मी चॅपलच्या बाहेर शेरिलच्या हातात दिला. तिने वाचला. तिच्या मागे तुझी पतवंडं कडक कॉलरमध्ये उभी होती, एक म्हातारा बिगुल पुसत होता, भिंतीवर तुझा विशीतला टोपीतला फोटो लावला होता. शेरिलचा चेहरा राख झाला. तिने चार वर्षं तुझे पाय धुतले होते, केन. तिला दोष देण्याआधी मी दहा वेळा थांबेन.

"कान नको, सुमन," ती म्हणाली. "प्लीज. आज नाही. कान वगळ."

कान वगळला की त्या कागदावर काही उरतच नव्हतं. मी माइकपाशी गेले. आणि म्हणाले, "केन वॉज अ हीरो अँड अ जंटलमन. अँड ही लव्ह्ड माय उपमा."

उपमा! तू माझ्या उपम्याला ‘ओलं सिमेंट’ म्हणायचास.

लोक हसले, डोळे पुसले. कुणीतरी मला मिठी मारली. बिगुल वाजला. आणि दोन हातांवर असून ऐकू न आल्याचं सोंग मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा निदान ढोल वाजत होते.

किळस येते म्हणजे काय, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. युद्धाची येते, ते करणाऱ्यांची येते, एवढ्याशा पोरांना काचेत बसवून आगीवरून उलटं फिरवून आणणाऱ्यांची येते. पण ती सोपी किळस आहे. ती टीव्हीसमोर बसून येते. ज्या जिभेने आपण ‘नरवीर’ म्हटलं, त्याच जिभेने पुन्हा तेच म्हणावं आणि वर सँडविच खावं, ती वेगळी. ती गुळण्या करून जात नाही. ईराने हे सगळं ऐकलं, आता युनिव्हर्सिटीत जाते ती, आणि म्हणाली, "आजी, दॅट्स अ बिट ग्रॉस." मी म्हटलं, बिट नाही गं.

म्हणून हा लेख. त्याच अंकासाठी, कारण थाप इथेच मारली होती. इथवर परवा लिहून झालं आणि मी स्वतःवर खूश झाले. केवढं हे धाडस! मग ईरा म्हणाली, "पण शेरिलला तर मराठी येत नाही." चाळणीतली बया कुठे गेलेली नाही, केन. ती अजून बॅकयार्डमध्येच उभी आहे.

काल सकाळी कागद घेऊन तुझ्या फ्लॅटवर गेले. शेरिल आवराआवर करत होती. दार उघडं होतं आणि नारळ तसाच अडसर लावून होता. हीटर बंद, खोली गार पडलेली. मी म्हटलं, "बस. मी तुझ्या डॅडबद्दल लिहिलंय, ते छापून यायच्या आधी तू ऐक." आणि या वेळी ईरा शेजारी नसताना, जे लिहिलं होतं तेच इंग्रजीत वाचलं. ओळीला ओळ. सँडविचपासून. उपम्याला ती थोडी हसली. मग हसली नाही.

वाचून झालं. ती खालच्या ड्रॉवरमधले कपडे काढत होती. तिथे सत्काराची शाल निघाली, नीट घडी घातलेली, आणि शालीच्या आत माझे राखाडी हातमोजे. बारा वर्षांत एकदाही न घातलेले. तिने ते हातात धरले.

"मला वाटायचं, डॅडला लोकर टोचते," ती म्हणाली.

"मलाही."

हातमोजे उलटेपालटे करत म्हणाली, "तू कान ठेवलायस."

आणि माझं तोंड बघ, केन, तोंडातून काय गेलं: "तू म्हणालीस तर काढते."

तिने हातमोजे हातात चढवले. एक, मग दुसरा. बोटं ताणून नीट बसवले. खोली खरंच फार गार होती.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. त्याचं नाव पुन्हा सांग."

मी सांगितलं. तिने एकदा म्हणून बघितलं. मग ते हातमोजे तसेच घालून ती खोकी बांधायला लागली, आणि मी चिकटपट्टीचं टोक शोधून देत बसले.

तेव्हा संपादक, पुढच्या ओळी कापू नका, आणि सजवूही नका. या अंकात नऊ वर्षांपूर्वी मी जे लिहिलं होतं, त्याची ही दुरुस्ती आहे.

केनने अकरा विमानं पाडली नाहीत. एकही पाडलं नाही. त्याचा कान दुखत नव्हता. त्याच्या जागी डग फेअरली गेला, वय वीस. जाताना तो म्हणाला, कान सांभाळ. त्याच्या हातांत केनचे हातमोजे होते.